विथ हूमची आजी

"हॅलो?... हां आई, बोला... येतंय ऐकू, बोला ना... गेट? कुठलं गेट?... शाळेचं गेट कुठल्या बाजूला म्हणजे? कुठल्या शाळेचं?"

वॉटफर्डहून एजवेअरला येणाऱ्या बसच्या वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या सीटवर, मीनल मांडीवर सँडविचचा डबा घेऊन बसली होती. दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनची सकाळची शिफ्ट आटपली होती, जूनचं ऊन छान पडलं होतं, आणि सासूबाई आत्ता घरी सोफ्यावर पाय वर घेऊन मालिका बघत असतील अशी तिची आपली समजूत होती.

"थांबा, थांबा. तुम्ही विहानच्या शाळेत गेलाय?... शाळेबाहेर. बरं. एकट्या?... चालत? एवढं चालत? आणि गुडघा?... बरं, राहू दे गुडघा, पण गेलात कशाला?... कोणाला भेटायला?... हेडला?"

"अहो आई, इथे हेडटीचरला असं उठून जाऊन नाही भेटता येत. ईमेल करावा लागतो, तो ऑफिसवाली वाचते, मग ती... हो, तुमच्या शाळेत यायचे पालक, माहितीये मला. दार उघडंच असायचं. इथे नसतं. इथे बझर असतो... दाबलात?... दोनदा?"

"काय म्हणालात त्यांना?... इंग्रजीतून, हो, ते कळलं. पण काय?... 'विथ हूम मे आय स्पीक.' बरं... मग त्या काय म्हणाल्या?... 'आर यू ऑन द सिस्टिम'... नाही, कुठल्या यंत्रावर बसायचं नाहीये, यादीत नाव आहे का, असं विचारत होत्या. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं असतात... तुमचं नाहीये... राहिलं घालायचं, खरंच राहिलं. आणि त्यांचं इंग्रजी आपण नंतर तपासू, आई."

आता या सासूबाई, सुनेत्राबाई, कोण, हे आधी सांगायला हवं. नागपूरच्या एका हायस्कूलात सगळी हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली बाई. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर पुढे डॉक्टर होवो नाहीतर किराणा दुकान काढो, 'मॅरीड विथ' म्हणायची त्याची छाती होत नसे. मार्चमध्ये त्या लंडनला मुलाकडे, अजयकडे, आल्या त्या काही हौसेने नव्हे. मीनलनेच बोलावून घेतलं होतं. विहान पाचवीत, सप्टेंबरात ग्रामर स्कूलची, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी शाळेची, प्रवेशपरीक्षा, आणि एजवेअरमधल्या आपल्या लोकांच्या घरात त्या वर्षी परीक्षेशिवाय दुसरा विषय नसतो. आई, तुम्ही या, त्याचं इंग्रजी पक्कं करा, अशी फोनवर गळ घातली तिने. सासूबाईंनी ते मनावर घेतलं, आणि त्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की मग ती अर्धवट सोडायची त्यांना सवय नाही.

त्यांचा एक नियम होता. प्रेपोझिशन वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवायचं नाही. विहान गुणी पोरगा, आजीने सांगितलं ते त्याने तसंच्या तसं मैदानावर नेलं आणि खेळणाऱ्या पोरांना विचारलं, "विथ हूम आर यू प्लेइंग?" पोरं आधी गप्प झाली आणि मग जी हसत सुटली ती थांबेनात. इथे दहा वर्षांचं पोर 'हू आर यू प्लेइंग विथ' म्हणतं, मग ते कितीही मोठ्या घरचं असो. त्या दिवसापासून विहानचं नाव 'विथ हूम' पडलं. काल संध्याकाळी त्याचा मित्र फ्रेडी आणि फ्रेडीची आई जेमा घरी आले होते. फ्रेडीने सगळ्यांसमोर त्याला त्याच नावाने हाक मारली, विहान जिन्यावर जाऊन मुसमुसत बसला, आणि मीनलचं डोकं फिरलं. जेमाच्या देखत ती सासूबाईंना म्हणाली की त्याला इंग्रजी शिकवू नका, असं इथे कोणी बोलत नाही. सुनेत्राबाईंनी चहाचे कप विसळले आणि त्या खोलीत गेल्या.

आणि आज त्या शाळेबाहेर उभ्या होत्या.

"आई, ऐका ना, घरी जा बरं आता तुम्ही... ऊन आहे म्हणून नाही... पिशवीत काय वाजतंय? कसला डबा?... काजूकतली? कुठून आणलीत?... त्या स्टेशनजवळच्या दुकानातून. एवढी?... अख्ख्या वर्गासाठी?"

सँडविचचा डबा मांडीवरून घसरून पायाशी पडला. तिने तो पायानेच सीटखाली सरकवला.

"आई, पिशवी बंद करा. आधी पिशवी बंद करा, मग बोलू... अहो, शाळेत नट्स चालत नाहीत. मुलांना ॲलर्जी असते. एका मुलाला तर इतकी आहे की बॅगेत इंजेक्शन घेऊन फिरतो... काजू म्हणजे नट्सच ना... बी असेल, वनस्पतिशास्त्रात असेल बी, पण इथे गेटवर मोठी पाटी लावलीये, वाचा... तीच ती. शेंगदाण्याच्या चित्रावर फुली मारलेली."

"कोणाला दिलीत?... कोण बाई?... पिवळ्या कोटातली, गोल पाटी घेऊन रस्ता अडवते ती?... खाल्ली तिने?... बरी आहे ना ती? घसा धरून वगैरे नाही ना... अजून एक मागितली. बरं. बरं झालं. पण आता बास, आई, कोणालाही नाही."

बस स्टॅनमोरच्या चढावर थांबली. खाली दार उघडल्याचा फुस्स आवाज झाला आणि मग स्पीकरवरून एक गोड बाई म्हणाली की वेळापत्रक सांभाळायला ही बस इथे थोडा वेळ थांबेल. मीनलने त्या स्पीकरकडे असं पाहिलं की तिथे माणूस असता तर उठून गेला असता.

"नाही, तुम्हाला नाही काही म्हटलं, बसला म्हटलं. थांबवून ठेवलीये मेल्यांनी... हो, स्टॅनमोर... येते, येतेच आहे, पण मला सांगा, तुम्ही हेडला भेटून करणार काय होतात?"

"काय?... वर्गात जाऊन?... वर्गासमोर उभ्या राहून सांगणार? काय सांगणार?... 'द फॉल्ट इज माइन'..."

ती उठून उभी राहिली. मग परत बसली. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली करून तिच्याकडे पाहिलं.

"आई... आई, अहो, विहानची चूक नाही हे सगळ्यांना माहितीये. चूक कोणाचीच नाही... तुमचीही नाही. तुमचं बरोबरच आहे... व्याकरणात बरोबर आहे, पण कोणी बोलत नाही तसं... हो. बरोबर आहे आणि तरी विचित्र वाटतं. असतं असं... आता कसं सांगू? तुम्ही पोळी वाढताना 'आपणास पोळी हवी आहे काय' असं विचारता का कधी?... हां, तसंच ते. चूक नाही पण पोरं हसणारच."

"हो, 'प्री' म्हणजे आधी, मान्य. नावातच आहे... पण बोलणारा माणूस नाव वाचून बोलत नाही ना... 'हू विथ' म्हणतात, 'व्हॉट फॉर' म्हणतात, हो, अर्धवटच बोलतात, वाक्य पूर्ण करत नाहीत... तुमच्या वर्गात नसतं चाललं, मला ठाऊक आहे... आणि आपण नाही का 'टेबलावर', 'झाडाखाली' म्हणत, आपलं तर कायम मागूनच येतं... शब्दयोगी अव्यय, हो, ती वेगळी गोष्ट. बरं, वेगळी."

"आता ते कशाला काढताय?... गृहपाठाच्या छापील शीटवर लिहिलं होतं ना 'डिफरंट टू', मग असू द्यायचं. लाल पेनने 'फ्रॉम' करून परत शाळेत पाठवलंत, त्या टीचर काय म्हणाल्या असतील?... 'थँक यू' लिहून पाठवलं ते त्यांचा चांगुलपणा. इथे चालतं 'टू'. 'बोअर्ड ऑफ'सुद्धा चालतं. तुम्ही इतकी वर्षं जे काट मारून फेकलंत त्यातलं निम्मं इथे रस्त्यावर सुखाने फिरतंय, आई."

हे बोलल्यावर तिलाच हसू आलं आणि तिकडूनही बहुधा थोडं आलं असावं, कारण तिचा आवाज जरा उतरला. बस अजून हलत नव्हती. तिने खाली वाकून ड्रायव्हर दिसतो का ते पाहिलं, तो दिसणं शक्य नव्हतं.

"मला कोण हसतं?... आत्ता नाही हसत. पहिल्या वर्षी हसायचे. मी 'डिस्कस अबाउट' म्हणायचे ना, आमची मॅनेजर मुद्दाम तेच म्हणून दाखवायची... सांगितलं नाही कधी, काय सांगायचं त्यात... आई, मी अजूनही पेशंटला फोन करायच्या आधी वाक्य मनात म्हणून बघते. 'ऑन मंडे', 'ॲट द वीकेंड', 'इन द मॉर्निंग'. इतकी वर्षं झाली, अजून वाटतं, आता कोणीतरी हसेल... हो ना. म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं. त्याच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून."

"नाही, टोमणा नाही मारत मी. टोमणा कुठे दिसला तुम्हाला यात?"

बस एकदाची सुटली. मीनलने सुटकेचा श्वास सोडला, पण तो सुखाचा ठरला नाही.

"अजयला? कधी फोन केलात?... सकाळी. आणि काय म्हणालात?... तिकीट अलीकडे घे म्हणालात?... किती अलीकडे?... पुढच्या आठवड्यात?... आई, त्याने मला एका शब्दाने... तो ब्रॅकनेलला ऑफिसात आहे, दिवसभर मीटिंग... हो, तो म्हणाला असेल बघतो. तो सगळ्यालाच बघतो म्हणतो."

"नाही, जायचं नाहीये. सप्टेंबरपर्यंत आहे ना व्हिसा... काम झालं म्हणजे? कसलं काम झालं?... कोण म्हणालं तुम्ही नको आहात? मी म्हणाले?... मी शिकवू नका म्हणाले, जा नाही म्हणाले... हो, ते चुकलं माझं. रागात गेलं तोंडातून. दिवसभर दवाखान्यात उभी, घरी आले तर हा जिन्यावर रडतोय... हो, जेमा होती... होती समोर, मान्य आहे."

मग बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली. नुसतं ऐकणं हा काही मीनलचा स्वभाव नाही. फोनवर ती समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही अशी तिच्या माहेरच्यांची जुनी तक्रार आहे. पण आता ती ओठ घट्ट मिटून खिडकीच्या काचेवरचा एक डाग नखाने खरवडत होती, आणि तो डाग काचेच्या बाहेरच्या बाजूला होता.

"काय म्हणालात?... इंग्रजीत... हो, मी... इंग्रजीतच म्हणाले."

"आई, तसा काही विचार करून नाही बोलत माणूस..."

खरं तर बोलतो. काल ओट्यापाशी उभं राहून मीनलने जे वाक्य टाकलं ते शुद्ध इंग्रजीत होतं. 'प्लीज स्टॉप टीचिंग हिम, नोबडी टॉक्स लाइक दॅट.' मार्चपासून घरात सासूसुनेचा एक शब्द इंग्रजीत झालेला नव्हता. विहानसुद्धा आजीशी त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचा, 'माझा आजी आला' म्हणायचा, आणि त्याची ती मराठी मात्र सुनेत्राबाईंनी कधीही सुधारली नव्हती. मराठीत बोलली असती मीनल, तर घरातलं भांडण घरात राहिलं असतं. पण जेमाला कळायला हवं होतं की आपण कुठल्या बाजूच्या आहोत. इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला ते कळणार नाही असं मीनलला का वाटलं, कोण जाणे.

"हो... हो, तिला कळावं म्हणूनच. खोटं कशाला बोलू... मला लाज वाटली, आई. हो, तुमची. तेवढ्यापुरती... तुम्ही आहात ना फोनवर?... बोला काहीतरी. रागवा."

"मी आलेच, एजवेअर आलंच आता. आपण कॉफी प्यायला जाऊ. तुम्हाला आवडतो तो दालचिनीचा बन... आत्ता नको, बरं. काय वाजतंय तिकडे? घंटा?... सुटली का शाळा?"

ती ताडकन उठली. बॅग खांद्याला, एका हाताने दांडी, एका हाताने फोन, आणि बस वळणावर. सँडविचचा डबा सीटखालीच राहिला.

"आई, गेट उघडलं का?... लहान मुलं आधी सोडतात, हो, त्यांचे पालक असतात तिथे... पाचवीवाले नंतर येतात, ते एकटे घरी जातात. विहान मित्रांबरोबरच येतो चालत... फ्रेडी असेल, अजून दोघं असतात... आई, तुम्ही कुठे उभ्या आहात आत्ता?... गेटच्या अगदी समोर?"

"जरा बाजूला व्हा ना... नाही, गर्दीसाठी नाही. रस्ता ओलांडून पलीकडे जा, ती बाई ओलांडून देईल. पलीकडे पोस्टाची लाल पेटी आहे ना, तिच्या मागे... मागे म्हणजे, जवळ हो... कारण... अहो कारण सगळी पोरं बरोबर असतील, आणि कालच ते झालंय, आणि तुम्ही साडीत, हातात एवढा मोठा मिठाईचा डबा... नाही, साडीत काही वाईट नाही. पण आज नको. आज एक दिवस नको, आई. त्याला दिसू नका."

खालच्या मजल्यावर कुणीतरी थांब्यासाठी घंटा दाबली. मीनल जिन्यावर मधल्या पायरीवर उभी होती आणि फोन कानाला इतका दाबला होता की कान लाल झाला होता.

"आई?... हॅलो?... ऐकलंत ना मी काय..."

"बरं म्हणालात ना? म्हणजे जाताय पलीकडे?... हां. सावकाश. गाडी बघा."

बरं हा शब्द सुनेत्राबाई कशा म्हणाल्या ते मीनललाच ठाऊक, पण तो ऐकल्यावर ती उरलेल्या पायऱ्या धडधडत उतरली आणि दार पुरतं उघडायच्या आत बाहेर पडली. थांब्यापासून शाळा म्हणजे एक सरळ रस्ता आणि एक वळण. ती धावत सुटली. दवाखान्यातली काळी पॅन्ट, काळे बूट, गळ्यात अजून नावाचा बिल्ला. समोरून बाबागाड्या, स्कूटरवरची पोरं, शाळेतून परतणाऱ्या आया, आणि त्यांच्यामधून ही सॉरी, सॉरी करत चाललेली.

"आहे, आहे, मी आहे फोनवर. फोन ठेवू नका... दम नाही लागला, काही नाही... पोचलात पलीकडे? पेटीपाशी?... बरं. बाकी कोणी आहे तिथे?... नाही ना... आई, ऐका, मी मघाशी ते दिसू नका म्हणाले ना, ते... ते तसं नको. तुम्ही उभ्या राहा हो. दिसलात तर दिसलात. हाक मारा त्याला... अहो खरंच मारा. मी मूर्ख आहे, माझं ऐकू नका... ऐकताय ना?... का नको?... नाही, मी म्हणाले तेच बरोबर असं काही नाही..."

वळणावर एक पांढरी व्हॅन उभी होती. तिच्या कडेला येऊन मीनल थांबली, कारण तिथून सगळं दिसत होतं.

पलीकडच्या फुटपाथवर, लाल पेटीच्या शेजारी, सुनेत्राबाई उभ्या होत्या. जांभळी साडी, वर अजयचं जुनं जॅकेट, पायात बूट, एका हातात कानाला लावलेला फोन, दुसऱ्या हातात पिशवी. त्या मागे लपल्या नव्हत्या आणि पुढेही आल्या नव्हत्या. गेटमधून चार पोरं बाहेर पडली. विहान तिसरा. फ्रेडी काहीतरी सांगत होता आणि विहान हसत होता.

मग त्याने समोर पाहिलं. त्याला आजी दिसली. मीनलने ते नीट पाहिलं, दुरून असलं तरी आईला आपल्या पोराची मान कळते. सुनेत्राबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तोच हात खांद्यापर्यंत वर आला. विहानने बॅगेचा पट्टा सारखा केला, फ्रेडीच्या पलीकडच्या बाजूला गेला, आणि तोंड दुसरीकडे करून पोरांबरोबर पुढे चालायला लागला. वर आलेला हात सुनेत्राबाईंनी केसांवरून फिरवला.

"हॅलो... हां आई. आहे मी."

"सुटले का पाचवीवाले?... दिसला?... काय म्हणता... त्याला दिसलात तुम्ही? मग?"

"तो आला?... धावत?... रस्ता ओलांडून?"

मीनलने व्हॅनच्या गरम पत्र्याला पाठ टेकली. गेटपाशी आता एक-दोन पोरं उरली होती. पलीकडे सुनेत्राबाई फोनवर बोलत होत्या, आणि बोलताना मधूनच मान हलवत होत्या, वर्गात धडा समजावताना हलवत असतील तशी.

"मिठी मारली?... सगळ्यांसमोर?... बघा, मी म्हणत होते ना... काय म्हणाला?... 'माझा आजी आला'... हो, असंच बोलतो तो... फ्रेडीला ओळख करून दिली. वा... मग आता कुठे गेला?... पुढे गेला मित्रांबरोबर. तुम्हीच जा म्हणालात... बरं केलंत."

तिचा आवाज बरोबर लागत होता. कसा लागत होता कुणास ठाऊक, पण लागत होता.

"नाही, मी नाही रडत. वारा आहे... हो, आनंदच झाला ना."

"त्याला रागावू नको म्हणजे?... कशाला रागावू मी त्याला? मिठी मारली ना त्याने... मग झालं तर. नाही रागावणार. शप्पथ नाही."

"आता समाधान झालं तुमचं?... म्हणजे? मोकळ्या झालात म्हणजे?... तिकिटाचं अजिबात काढू नका. नाही, आई. नाही. मी अजयला फोन करून सांगते, बघतो म्हटलंस ते बघायचं नाही... परीक्षेसाठी नाही. परीक्षा गेली खड्ड्यात. नका शिकवू त्याला एक अक्षर, नुसतं राहा... विहानसाठीही नाही हो. मला. मला हव्या आहात तुम्ही. मी रोज इतक्या लोकांशी मनात वाक्य जुळवून बोलते, घरी आल्यावर तुमच्याशी काही जुळवावं लागत नाही. तुम्ही गेलात तर मी कोणाशी बोलू?"

"काय?... सप्टेंबरपर्यंत. ठरलं ना?... 'बघते' नको. तुमच्या मुलासारखं नका करू... हां. हां, असं म्हणा."

सुनेत्राबाईंची पिशवी पेटीपाशी खालीच होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून त्या जॅकेटच्या खिशात रुमाल शोधत होत्या. तो सापडला. मग त्यांनी रस्त्याकडे पाठ केली, कुणाला चेहरा दिसू नये म्हणून, आणि डोळे पुसायला लागल्या. एकदा पुसून भागलं नाही.

"मी?"

व्हॅनपासून पेटीपर्यंत रस्ता तेवढा ओलांडायचा होता. सकाळपासून एका जागी न टिकलेली मीनल हलली नाही.

"मी अजून बसमध्येच आहे, आई. पुन्हा थांबवून ठेवलीये बघा... नाही, एजवेअर कुठलं, मघाशी मला उगाच वाटलं, मागेच आहे बरीच. वेळ लागेल मला. तुम्ही निवांत उभ्या राहा, घाई नाही काही... हो. हो, आल्यावर फोन करते."

तिने फोन बंद केला, खिशात टाकला, आणि व्हॅनच्या मागे गेली, तिथून ती त्यांना दिसणार नव्हती.